न वाजविलेलीं गाणीं

ज्या घरीं मृत्यु झाला आहे त्या घरांतला रेडिओ बंद ठेवावा, हें आपल्याकडे कोणास शिकवावें लागत नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडावर दुःख कोसळलें तर पलीकडच्या मंगलकार्यांतली सनईही हळू होते. सुतकाचे नियम कोणाला जाचक वाटोत वा न वाटोत, त्यांत एक शहाणपण आहे. सुतक कोणाला लागतें हें ठरलेलें असतें, आणि तें केव्हां फिटतें हेंही ठरलेलें असतें. दहा दिवस झाले, तेरावा झाला, गोडाचा घांस तोंडीं घातला, कीं घर पुन्हां बोलूं-हंसूं लागतें.

परंतु सबंध राष्ट्रावर आघात होतो तेव्हां नभोवाणीनें काय करावें? गृहस्थाला रेडिओ बंद करतां येतो. ध्वनिक्षेपण-केंद्राला तसें करतां येत नाहीं. नेमक्या त्याच घटकेला हजारों माणसें बातमीसाठीं, धीरासाठीं, किंवा केवळ दुसऱ्या माणसाचा आवाज कानीं पडावा म्हणून रेडिओपाशीं येऊन बसलेलीं असतात. केंद्राला बोलणें भागच आहे. प्रश्न एवढाच, कीं बातम्या संपल्यावर पहिली ध्वनिमुद्रिका कोणती लावावयाची आणि कोणती लावावयाची नाहीं. आजच्या भाषणांत या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगावयाचें मीं योजिलें आहे.

आपल्या देशांत या प्रश्नाचें उत्तर बराच काळ सोपें होतें, कारण सर्व केंद्रें सरकारचीं होतीं. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला कीं चित्रपटगीतें व विनोदी कार्यक्रम थांबावयाचे, आणि त्यांच्या जागीं भजनें किंवा सारंगी-वीणेसारखें गंभीर वाद्यसंगीत यावयाचें. अमुक एका गाण्यावर रोष नसे. हलकेंफुलकें संगीत सारेंच बाजूस सरे. श्रोत्यांना ही खूण इतकी अंगवळणीं पडली होती, कीं अवेळीं सारंगी ऐकूं आली म्हणजे लोक चरकून एकमेकांकडे पाहूं लागत. ३१ ऑक्टोबर १९८४ या दिवशीं इंदिरा गांधींच्या हत्येची अधिकृत बातमी आकाशवाणीनें सायंकाळपर्यंत दिली नाहीं. बीबीसीनें ती कित्येक तास आधींच जगाला सांगितली होती. बातमी दडपून ठेवण्याच्या त्या वृत्तीचा बचाव कोणी करूं नये. परंतु दुखवट्याच्या संगीतापुरतें बोलावयाचें तर रीत सरळ होती. हुकूम कोणाचा हें ठाऊक असे, दुखवटा किती दिवसांचा हें ठाऊक असे, आणि मुदत सरल्यावर तींच जुनीं गाणीं पुन्हां लागत.

अमेरिकेंत २००१ सालीं जें घडलें तें याहून अगदीं निराळें होतें. त्या वर्षीं ११ सप्टेंबरला, मंगळवारीं सकाळीं, चार प्रवासी विमानें पळविण्यांत आलीं. दोन न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांवर आदळलीं, एक वॉशिंग्टनजवळच्या पेंटॅगॉनवर आदळलें, आणि चौथें पेन्सिल्व्हेनियांतील एका मैदानांत कोसळलें. जवळजवळ तीन हजार माणसें प्राणास मुकलीं. देशभरच्या नभोवाणी-केंद्रांनीं गाणीं आणि जाहिराती थांबवून अखंड बातम्या सुरू केल्या. एरव्हीं नाचाच्या गाण्यांखेरीज कांहीं न लावणारीं केंद्रेंही दूरचित्रवाणीच्या बातम्यांचा आवाज जसाच्या तसा आपल्या लहरींवरून सोडूं लागलीं. पण गाण्यांवर चालणारें केंद्र बातम्यांवर किती दिवस चालणार? संगीत परत आणणें भाग होतें, आणि तेथेंच नियोजकांचे हात अडखळले.

यापुढची हकीकत कळावयास अमेरिकन नभोवाणीची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. तेथील बहुतेक केंद्रें खाजगी मालकीचीं आहेत. एकाच धन्याच्या हातीं फार केंद्रें जाऊं नयेत म्हणून कायद्यानें पूर्वीं मर्यादा घातलेली होती. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें देशांतील एकूण संख्येवरची ती मर्यादा काढून टाकली. त्याबरोबर खरेदीविक्रीची एकच झुंबड उडाली, आणि टेक्सस संस्थानांतील सॅन अँटोनियो येथली क्लिअर चॅनेल कम्युनिकेशन्स ही कंपनी २००१ पर्यंत अकराशेंहून अधिक केंद्रांची मालक होऊन बसली. गांवच्या केंद्रावर काय वाजवावें हें पूर्वीं बहुधा गांवचा माणूस ठरवी, आणि त्याचे श्रोते त्याला रस्त्यांत भेटत. आतां शेंकडों केंद्रांचे कार्यक्रम-नियोजक एकाच धन्याचे नोकर होते व ई-मेलनें एकमेकांशीं जोडलेले होते.

या ई-मेलमधूनच ती प्रसिद्ध यादी जन्मली. कोणा एका नियोजकानें, आघातानंतर हीं गाणीं लावतांना जरा विचार करावा, अशा अर्थानें कांहीं नांवें लिहून सहकाऱ्यांना कळविलीं. पुढच्यांनीं त्यांत आपापली भर घातली, आणि हातोहात फिरतां फिरतां तिची लांबी दीडशें गाण्यांच्या पलीकडे गेली. आपल्याकडे देवळाच्या वर्गणीचा कागद घरोघर फिरतो तेव्हां आधींच्या शेजाऱ्यापेक्षां कमी आंकडा घालावयास कोणी धजत नाहीं. तशांतलाच हा प्रकार असावा. यादींत गाणें घालणें निर्धोक होतें. यादींतून गाणें काढा, असें म्हणणाराला मात्र आपल्या शिरावर जबाबदारी घ्यावी लागली असती.

काय होतें त्या यादींत? विमानाचा उल्लेख आहे म्हणून 'लीव्हिंग ऑन ए जेट प्लेन' हें निरोपाचें गाणें. आगीचें नांव निघालें म्हणून जेरी ली लुईसचें 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर', जरी त्यांतली आग केवळ प्रेमाची आहे. शहराचें नांव म्हणून फ्रँक सिनात्राचें 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क'. बँगल्स या स्त्री-वृंदाचें 'वॉक लाइक अॅन इजिप्शन', कां, तर शीर्षकांत मध्यपूर्वेचा एक देश आला. आघात मंगळवारीं झाला होता, आणि यादींत रोलिंग स्टोन्सचें 'रूबी ट्यूसडे' होतें. वस्तुतः त्या गाण्यांत ट्यूसडे हें एका स्त्रीचें नांव आहे, वाराचें नव्हे. कॅट स्टीव्हन्सचीं 'पीस ट्रेन' आणि 'मॉर्निंग हॅज ब्रोकन' हीं दोन्ही गाणीं त्या कागदावर होतीं. यांतलें दुसरें म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतलें प्रभातस्तोत्र. त्याचे शब्द एलेनॉर फार्जियन या इंग्रज कवयित्रीनें १९३१ सालीं प्रसिद्ध केले. आपल्या भूपाळीच्या जातीचें हें गीत. गायकानें १९७७ सालीं इस्लाम धर्म स्वीकारला होता, याखेरीज या भूपाळीनें त्या यादींत येण्याचें दुसरें कारण मला सुचत नाहीं. 'ब्रोकन' म्हणजे मोडलेलें, एवढ्यावरूनच कोणी दचकलें असेल तर न कळे. 'रेज अगेन्स्ट द मशीन' या वृंदाचीं तर एकूणएक गाणीं वर्ज्य ठरविलेलीं होतीं. यादींत हा मान दुसऱ्या कोणासही मिळाला नव्हता. या वृंदाची ख्याति सरकारवरील व धनिकसत्तेवरील कठोर टीकेबद्दल होती. म्हणजे येथें अपशकुनी शब्दाचा प्रश्न नसून मतांचा होता, आणि शोकाच्या पडद्याआडून तोही उरकून घेण्यांत आला.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती तीन गाण्यांची. लुई आर्मस्ट्राँगचें १९६७ सालचें 'व्हॉट ए वंडरफुल वर्ल्ड', सायमन आणि गारफंकल यांचें 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', आणि जॉन लेननचें १९७१ सालचें 'इमॅजिन'. पहिलें जगाच्या सौंदर्याचें कौतुक करतें, दुसरें संकटांत सांपडलेल्याला आधार देऊं पाहतें, तिसरें युद्धाशिवायच्या जगाचें स्वप्न पाहतें. एरव्हीं ज्यांना सांत्वनगीतें म्हटलें असतें तीं वर्ज्य कां ठरावीं? जगाचें कौतुक त्या आठवड्यांत क्रूर थट्टेसारखें वाटलें असतें असें पहिल्याविषयीं म्हणतां येईल. शांतीच्या स्वप्नाविषयीं मात्र शंका येते ती वेगळी. सूडाची भाषा उंच स्वरांत चालली असतांना तें स्वप्न कोणाला तरी नकोसें झालें असावें.

या यादीची टर उडविणें सोपें आहे, आणि त्या वेळीं पुष्कळांनीं ती उडविलीही. मला त्यांत सामील व्हावेंसें वाटत नाहीं. जळत्या मनोऱ्यांच्या वरच्या मजल्यांवर कोंडलेलीं माणसें खालीं कोसळत होतीं, हें साऱ्या देशानें पाहिलें होतें. 'उडी मार' अशा अर्थाचें व्हॅन हेलेनचें 'जंप', किंवा कोसळण्याचें चित्र शीर्षकांतच असलेलें टॉम पेटीचें 'फ्री फॉलिन्', हीं त्या आठवड्यांत एखाद्या विधवेच्या स्वयंपाकघरांत अवचित वाजलीं असतीं तर? ज्या नियोजकाचा हात त्या ध्वनिमुद्रिकेपाशीं थबकला तो माणुसकीनेंच थबकला, याबद्दल मला संशय नाहीं. एका केंद्रावरच्या एका माणसाच्या मनांत ती शंका राहती तर ती आठ दिवसांत आपोआप विरून गेली असती. ती कागदावर उतरली, कागद अकराशें केंद्रांच्या धन्याच्या घरांत फिरला, आणि मग तिचें वजन मूळ लिहिणाराच्या हातीं राहिलें नाहीं.

एका आठवड्याच्या आंत यादी वर्तमानपत्रांपर्यंत पोंचली. १८ सप्टेंबरला कंपनीनें जाहीर केलें कीं आपण कोणत्याही गाण्यावर बंदी घातलेली नाहीं. काय लावावें हें ज्या त्या केंद्रानें आपल्या श्रोत्यांच्या भावना ओळखून ठरवावयाचें आहे. हें खोटेंही नव्हतें. यादी न मानणारीं केंद्रें होतीं, आणि न मानल्याबद्दल दंड सांगितलेला नव्हता. परंतु धन्याच्या छपराखालून आलेला कागद नोकर कसा वाचतो हें नोकरी केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. हुकूम असता तर त्याविरुद्ध दाद मागतां आली असती. हा कागद बेवारशी होता; त्याच्यावर सही नव्हती, आणि तो केव्हां रद्द व्हावयाचा याची तारीखही नव्हती.

ही गोष्ट इंग्लंडच्या जुन्या हकीकतीशीं ताडून पाहण्यासारखी आहे. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४२ सालीं बीबीसीनें नृत्यसंगीताचें धोरण ठरविण्यासाठीं एक समितीच नेमली. अतिभावुक, रडवीं गाणीं आणि तीं गळा काढून गाणारे पुरुष गायक सैनिकांचा कणा मोडतील, अशी वरिष्ठांची समजूत होती. बिंग क्रॉस्बीचें नाताळाला घरीं परतण्याविषयींचें १९४३ सालचें गाणें याच कारणानें नापसंत झालें. घराची आठवण काढून शिपाई खचतील ही भीति. व्हेरा लिन ही गायिका १९४१ पासून दूरच्या सैनिकांसाठीं पत्रवजा कार्यक्रम करी. तोही कित्येक प्रतिष्ठितांच्या डोळ्यांवर आला. बीबीसीच्या चालकांनाही तो रुचेना, पण त्याची लोकप्रियता त्यांना नाकारतां येईना. ज्यांचा कणा मोडेल म्हणून चिंता चालली होती त्या शिपायांना ती बाई हवी होती. समितीची रुचि कोती असेल, पण तिला नांव होतें, पत्ता होता, आणि तिच्याशीं भांडतां येत होतें.

१९९१ च्या आखाती युद्धांत पद्धति बदललेली दिसते. त्या वेळीं बीबीसीच्या वर्तुळांत ६७ गाण्यांची एक यादी फिरली. 'अॅबा' या स्वीडिश वृंदाचें 'वॉटर्लू' तींत होतें, जरी त्यांत नेपोलियनच्या लढाईचा उपयोग एका तरुणीच्या प्रेमांतल्या शरणागतीसाठीं केलेला आहे. 'वॉक लाइक अॅन इजिप्शन' तींतही होतें. दहा वर्षांनीं तें बिचारें पुन्हां पकडलें गेलें. ब्रिस्टलच्या 'मॅसिव्ह अटॅक' या वृंदानें तर त्या वर्षीं आपलें नवें गाणें नुसत्या 'मॅसिव्ह' या नांवानें काढलें. 'अटॅक' म्हणजे हल्ला, तो शब्द तेवढ्यापुरता पुसून टाकला. म्हणजे शब्दांची भीति केंद्रांवरून कलावंतांच्या नांवांपर्यंत पोंचली होती.

पुन्हां अमेरिकेकडे येऊं. २१ सप्टेंबर २००१ रोजीं, आघातानंतर दहाव्या दिवशीं, अमेरिकेंतील प्रमुख दूरचित्रवाणी संस्थांनीं मिळून मृतांच्या कुटुंबांसाठीं निधि जमविण्याचा एक कार्यक्रम एकाच वेळीं प्रक्षेपित केला. जाहिराती नव्हत्या, प्रेक्षागृहांत श्रोते नव्हते. मेणबत्त्यांच्या उजेडांत गायक एकामागून एक येत आणि गाऊन निघून जात. त्यांत नील यंग पियानोपाशीं बसला आणि 'इमॅजिन' गायिला. न्यूयॉर्कमध्येंच लहानाचा मोठा झालेला पॉल सायमन 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' गायिला. यादीचा उल्लेख करण्याची गरज कोणास भासली नाहीं. लेननचा खून १९८० च्या डिसेंबरांत याच शहरांत झाला होता, आणि तेथल्या सेंट्रल पार्कमध्यें त्याच्या स्मारकाच्या फरसबंदींत त्या गाण्याचें नांव कोरल्यासारखें बसविलेलें आहे. न्यूयॉर्कच्या माणसाला तें गाणें परकें नव्हतें. त्या शहरानें त्या गाण्याबरोबर एक सुतक आधींच पाळलेलें होतें.

दोन वर्षांनीं जें झालें त्याचा येथें केवळ निर्देश करतों. मार्च २००३ मध्यें, इराक युद्धाच्या तोंडावर, डिक्सी चिक्स या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या वृंदांतील गायिकेनें लंडनच्या रंगमंचावरून राष्ट्राध्यक्षांविषयीं नापसंतीचे शब्द काढले. क्युम्युलस या दुसऱ्या मोठ्या कंपनीनें तशा संगीताच्या आपल्या केंद्रांना त्यांचीं गाणीं महिनाभर न लावण्याचें फर्माविलें. हा दुखवटा नव्हता, ही शिक्षा होती. पण तिला धनी होता, आणि म्हणूनच त्याच्या प्रमुखाला अमेरिकन सिनेटच्या समितीपुढें येऊन जाब द्यावा लागला.

आतां जपानकडे वळूं, कारण या इतिहासाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तेथें घडली आहे. जपानी भाषेंत 'जिशुकु' असा एक शब्द आहे. आपण होऊन आवरतें घेणें हा त्याचा अर्थ. १९८८ च्या सप्टेंबरांत सम्राट् हिरोहितो अत्यवस्थ झाले, आणि जानेवारी १९८९ मध्यें त्यांचें देहावसान होईपर्यंत गांवोगांवच्या जत्रा एकामागून एक रद्द होत गेल्या. निस्सान कंपनीच्या मोटारीच्या एका जाहिरातींत इनोउए योसुइ हा प्रसिद्ध गायक मोटारींतून प्रेक्षकांची खुशाली विचारी. सम्राट् आजारी असतां इतरांची खुशाली विचारणें बरें दिसेना, म्हणून त्याचा आवाज काढून टाकण्यांत आला आणि पडद्यावर नुसते ओठ हलत राहिले.

११ मार्च २०११ रोजीं दुपारीं ईशान्य जपानच्या किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला आणि समुद्र गांवांत शिरला. मृत व बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसें गेलीं. त्सुनामी हा जपानी शब्द २६ डिसेंबर २००४ नंतर आपल्या तमिळ किनाऱ्यानेंही रडत रडत शिकलेला आहे. जपानांत याच नांवाचें एक गाणें होतें. सदर्न ऑल स्टार्स या वृंदाचें, कुवाता केइसुके यानें रचलेलें व गायिलेलें हें गाणें जानेवारी २००० मध्यें निघालें. त्या वर्षाचें सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचें पारितोषिक त्याला मिळालें, आणि त्याच्या प्रतींचा खप तीस लाखांच्या घरांत गेला. विषय प्रीतीचा, त्यांतली लाट विरहाच्या दुःखाची. ज्या देशांत तें लग्नसमारंभांपासून मोटारींपर्यंत सर्वत्र ऐकूं येत असे, त्या देशाच्या लहरींवरून मार्च २०११ नंतर तें जणूं नाहींसें झालें. सरकारनें मनाई केली नाहीं, कसलीही यादी फिरली नाहीं. प्रत्येक केंद्रानें आपापल्या मनाशीं विचार केला कीं आपद्ग्रस्तांना काय वाटेल, आणि ध्वनिमुद्रिका कपाटांत ठेवून दिली. कुवाताही तें रंगमंचावर गाईनासा झाला. आपद्ग्रस्तांना खरोखर काय वाटतें हें त्यांना कोणी विचारलें होतें असें दिसत नाहीं. वर्ष गेलें, दोन गेलीं. एखाद्या रचनेला सुतक लागलें तर तें किती दिवसांनीं फिटतें, आणि फिटलें असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हें कोणत्याच शास्त्रांत लिहिलेलें नाहीं.

मियागी प्रांतांतील ओनागावा हें मासेमारीवर जगणारें एक लहान बंदर आहे. त्या वेळीं वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. तींतलीं आठशेंहून अधिक माणसें लाटेनें नेलीं. जपानच्या कायद्यांत संकटकाळापुरतें स्थानिक नभोवाणी-केंद्र काढण्याची सोय आहे. एप्रिल २०११ मध्यें ओनागावांत तसें एक केंद्र सुरू झालें. त्याचे निवेदक गांवचेच रहिवासी होते, आणि उद्ध्वस्त बंदराच्या रोजच्या गरजेच्या बातम्या ते गांवाला देत. ज्या घरांचे पत्तेही उरले नव्हते त्या घरांतल्या माणसांना गांवचा आवाज या केंद्रानें पुरविला.

मार्च २०१६ मध्यें या केंद्राचें नियोजित काम संपलें. निरोपाच्या ध्वनिक्षेपणांत अखेरचें गाणें कोणतें लावावयाचें हें गांवच्याच माणसांनीं ठरवावयाचें होतें. त्यांनीं 'त्सुनामी' लावलें. ज्यांच्या भावना दुखवूं नयेत म्हणून टोकियोपासून सारीं केंद्रें पांच वर्षें तें गाणें टाळीत आलीं होतीं, तीं हींच माणसें. गाणें पुरतें वाजूं दिलें, आणि त्यानंतर ओनागावाची ती लहर कायमची बंद झाली.